नांदेड टू हेमकुंड, व्हाया तिबेट

हिमालयातला ट्रेक म्हटलं की आपल्या ऑफिसातल्या पब्लिकचा एक ठरलेला फंडा असतो. चार दिवसांची रजा, तिला चिकटून आलेला वीकेंड, नवे कोरे बूट आणि परत आल्यावर लॅपटॉपवर बर्फाचा वॉलपेपर! पण 'का गेला होतास?' असं विचारून बघा. "अरे बस, ब्रेक हवा होता यार" यापलीकडे उत्तर येत नाही.

नांदेडच्या माणसाकडे मात्र सॉलिड उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे ते उरलेल्या महाराष्ट्राला ठाऊकच नाही. शिखांचे दहावे गुरू गुरू गोविंदसिंग यांनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेडला, गोदावरीच्या काठी देह ठेवला. तिथंच आज तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब उभं आहे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधलेलं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण 'बचित्तर नाटक' या गुरूंच्या आत्मचरित्रपर रचनेत मागच्या जन्माचीही हकिकत आहे. हेमकुंड नावाचा पर्वत, सात शिखरांनी वेढलेला, जिथं पूर्वी पंडुराजानं योगसाधना केली, तिथं आपण तप केलं, असं त्यात सांगितलंय. म्हणजे नांदेड हे या जन्मातलं शेवटचं स्टेशन आणि हेमकुंड मागच्या जन्मातलं. मधलं अंतर रेल्वे आणि रस्ता मिळून दोन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि उंचीतला फरक जवळजवळ चार किलोमीटर! नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर आहे. हेमकुंड साहिबच्या वाटेवरचे फलक पंधरा हजार फुटांच्या वरचा आकडा सांगतात, नकाशे जरा हात आखडता घेऊन ४,३०० मीटर म्हणजे चौदा हजार फूट सांगतात. तुमच्या फुप्फुसांना या फरकानं काही फरक पडत नाही. लागायची ती धाप लागतेच.

मी लातूरची. या सगळ्यात माझा संबंध इतकाच, की पुण्यात माझी रूममेट नांदेडची शीख मुलगी होती. पीजीवाल्या काकांनी आमची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत, 'लातूरकर' आणि 'नांदेडकर' अशाच हाका मारल्या, त्या अजून टिकल्यात. नांदेडकर हिंजवडीत आयटीत आहे, हाफ मॅरेथॉन पळते, जिममध्ये तिच्या नावाचा दरारा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिनं फोन केला. आईला हेमकुंडला न्यायचंय, तू येतेस का?

आई म्हणजे आमच्या काकू. वय ६१, बीपीची गोळी चालू, व्यायाम म्हणाल तर रोज पहाटे घरापासून गुरुद्वाऱ्यापर्यंत चालत जाणं आणि लंगरमध्ये दोन तास पोळ्या लाटणं. सगळं जग नांदेडला येतं, काकू त्यांना जेवू घालतात. पंजाबातून, कॅनडातून आलेल्या बायका पोळी वाढून घेताना सांगतात, "आम्ही हेमकुंडही केलं." काकू पंचवीस वर्षं हे ऐकत होत्या. बास, आता जायचं, असं त्यांनी एकदाचं ठरवलं. माझ्या आईची प्रतिक्रिया लातूरला साजेशी होती. "येड लागलंय का तुला? इथं दुसऱ्या मजल्यावर पाण्याची घागर नेताना धापा टाकतीस!"

तयारीचं म्हणाल तर मराठवाड्यात उंची हाच प्रॉब्लेम. नांदेड जिल्ह्यात डोंगर चढायचा तर माहूर. रेणुकादेवी, दत्तशिखर, अनसूया अशी तीन शिखरं एका दिवसात पायी केली की मांड्यांना बोलायला लागतं. आम्ही दोनदा केली. काकूंनी डॉक्टरांना तीनदा दाखवलं, ईसीजी काढला, गोळ्या लिहून घेतल्या. चारधामसारखीच हेमकुंडलाही उत्तराखंड सरकारच्या साइटवर नोंदणी करावी लागते, तीही झाली.

आणि ऑगस्टअखेरीस आम्ही सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसलो.

या गाडीवर एक वेगळा लेख होईल. हजूर साहिब नांदेडहून सकाळी निघते, अमृतसरला जाते, म्हणजे एका तख्ताच्या गावाहून दुसऱ्या तख्ताच्या गावाला. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात. डबा-ताट पुढं करा, गरमागरम लंगर मिळतो, पैसे नाहीत, तिकिटाचा क्लास कुणी विचारत नाही. नेहमीचे प्रवासी घरून ताटं घेऊनच चढतात. काकूंच्या पिशवीतून तीन निघाली. आयुष्यभर वाढलेल्या बाईला रांगेत ताट पुढं करून घेताना बघायला मला जाम मजा आली. दुसऱ्या दिवशी दिल्ली, तिथून ऋषिकेश, आणि ऋषिकेशहून पहाटेची जीप.

ऋषिकेश ते जोशीमठ अडीचशे किलोमीटर. ऐकायला पुणे-लातूरपेक्षाही कमी. पण दरडी पडतात, जेसीबी येतो, तासन् तास रांग लागते. आम्ही दोन दिवस धरले होते, दोन्ही लागले. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग, असे पाच संगम एकामागून एक येतात, आणि प्रत्येक ठिकाणी कुठली तरी नदी येऊन अलकनंदेत आपलं नाव सोडून देते. फक्त देवप्रयागला अलकनंदा स्वतःचं नाव सोडते आणि गंगा होते. हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण वरून दोन रंगांचं पाणी बघितलं की 'अच्छा, असं होय!' होतं.

जोशीमठला (२०२४ पासून सरकारी कागदात ज्योतिर्मठ) मी गप्प झाले. जानेवारी २०२३ मध्ये हे गाव खचायला लागलं होतं, आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले. काही घरांवर लाल फुल्या अजून दिसतात. बाकीचे टुरिस्ट फोटो काढत होते. लातूरच्या पोराला भिंतीवरची भेग दाखवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण आमच्या घरात अजून प्रत्येक भेगेवर पेन्सिलीनं तारीख लिहिली जाते, वाढतेय का बघायला. लॉजच्या खोलीत शिरल्याशिरल्या मी आधी कोपरे तपासले. नांदेडकर हसली. काकू नाही हसल्या.

जोशीमठच्या पुढं वीस किलोमीटरवर गोविंदघाट. इथं अलकनंदा ओलांडायची आणि लक्ष्मणगंगेच्या खोऱ्यात शिरायचं. जून २०१३ च्या महापुरानं हे अख्खं खोरं धुऊन काढलं होतं, गोविंदघाटचा पूल, पार्किंगमधल्या गाड्या, वरचं भ्यूंदर गाव, चालायची वाट, सगळं. आम्ही ज्या पुलावरून गेलो तोही आता नाही. मार्च २०२५ मध्ये डोंगराचा कडा त्यावर कोसळला आणि तिथं लोखंडी बेली पूल टाकावा लागला. या भागात पूल ही तात्पुरती गोष्ट समजायची.

पुलना गावापर्यंत जीप जाते, तिथून घांगरिया नऊ-दहा किलोमीटरची चढण. घोडी, खेचरं, पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणारे नेपाळी कंडीवाले, गोविंदघाटहून हेलिकॉप्टरसुद्धा, सगळ्या सोयी आहेत. काकूंनी सगळ्याला नाही म्हटलं. त्यांचा एक स्पीड आहे, मी त्याला 'लंगर स्पीड' नाव दिलंय. पन्नास पावलं, एक थांबा, 'वाहेगुरू', पुन्हा पन्नास पावलं. ना कमी ना जास्त. नांदेडकर प्रत्येक वळणावर पुढं जाऊन आमची वाट बघत उभी. "मम्मी, अशानं आपण दिवाळीला पोचू!" वाटेवर देवदार, धबधबे आणि दर शंभर मीटरवर मॅगी. संध्याकाळी घांगरिया. ३,०५० मीटर, एक गल्ली, खच्चून भरलेला गुरुद्वारा, ब्लँकेटांचे ढीग, आणि रात्री इतकी थंडी की ऑगस्टमध्ये आपण कुठल्या महिन्यात आहोत ते विसरायला होतं.

आता खरी गोष्ट.

घांगरिया ते हेमकुंड फक्त सहा किलोमीटर. पण या सहा किलोमीटरमध्ये तुम्ही बाराशे मीटरहून जास्त उंची चढता. वर मुक्कामाला परवानगी नाही, दुपारी दोनच्या आसपास सगळ्यांना खाली पाठवतात. म्हणजे त्याच दिवशी जायचं नि त्याच दिवशी यायचं. पहाटे पाचला निघालो. नांदेडकर सुसाट. एक तासानं ती दिसेनाशी झाली. आम्ही लंगर स्पीडनं मागून.

नऊच्या सुमारास एका टपरीबाहेरच्या बाकावर ती बसलेली दिसली. डोकं दोन्ही हातांत. आधी वाटलं वाट बघतेय. "डोकं फुटतंय गं," म्हणाली. मग उलटी. पुन्हा उलटी. उभी राहिली तर पाय एकमेकांत अडकले, दारू प्यायल्यासारखे. टपरीवाल्यानं तिला फळीच्या रेघेवरून टाचेला बोट लावून चालायला सांगितलं. चार पावलांत ती बाजूला झुकली. तो पोरगा विशीतला असेल, पण त्यानं जे सांगितलं ते कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं. दीदी, नीचे. अभी.

इथं थोडं सायन्स, कारण आपल्या जिमवाल्या मंडळींना हे कुणी सांगत नाही. उंचीवर हवेतला ऑक्सिजन 'कमी' होत नाही, त्याचं प्रमाण २१ टक्केच राहतं. कमी होतो तो हवेचा दाब. हेमकुंडाच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे एका श्वासात तुम्हाला घरी मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या सहा आणेच कमी मिळाला असं समजा. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. आणि फिटनेसचा यात काडीचा उपयोग नाही! उलट फिट माणूस जोरात चढतो, म्हणून त्याला जास्त धोका. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही पहिली घंटा. तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं ही शेवटची. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज यायला लागलेली असू शकते, आणि त्यावर त्या क्षणी एकच औषध हातात असतं, खाली उतरणं. वाटेत ऑक्सिजनचे डबे विकायला असतात, ते काही मिनिटांपुरते. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारून, आधीपासून घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर मैत्रिणीच्या पर्समधून काढून नव्हे.

दीड किलोमीटर उरला होता. धुक्यातून वरच्या पायऱ्या दिसत होत्या. लुधियानाचा एक ग्रुप टपरीवर थांबला होता. त्यातल्या बायका काकूंना म्हणाल्या, माताजी, तुम्ही आमच्याबरोबर चला, मुलीला ही मैत्रीण खाली नेईल. बरोबरच होतं त्यांचं. मी मान डोलावली सुद्धा. पंचवीस वर्षं ऐकलेली गोष्ट तासा-दीड तासावर होती. परवाचं हवामान कुणी सांगावं, आमच्याकडे हाताशी दोनच जादा दिवस होते, आणि या वयात काकू पुन्हा येणं शक्य नव्हतं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

काकूंनी एकदा वर बघितलं. चपला काढून तिथूनच हात जोडले. मग चपला घातल्या.

"महाराज कुठं पळून चाललेत का?" म्हणाल्या. "चल बेटा, खाली."

साठ किलोच्या नांदेडकरला कंडीत बसवलं. साडेचार फुटी नेपाळी भावानं कपाळावरचा पट्टा नीट केला आणि ती टोपली उचलून तो असा उतरायला लागला, जसे आपण भाजीची पिशवी घेऊन जिना उतरतो. हाफ मॅरेथॉनवाली आमची हिरॉईन टोपलीत उलटी बसून आईकडे बघत रडत होती. काकू तिच्या मागून लंगर स्पीडनं. उतारालाही तोच! घांगरियाला पोचेपर्यंत नांदेडकरची डोकेदुखी निम्मी झाली होती, संध्याकाळी तिनं डाळ-भात मागितला. उंचीचा आजार असा चमत्कारिक, आला तसा जातो, फक्त वेळेवर उतरलात तर.

दुसरा दिवस आरामाचा. दोघी मायलेकी रजईत. काकूंनी मला हाकलूनच दिलं, इतक्या लांब येऊन बसून काय करतेस, फुलं बघून ये. फुलांचं खोरं, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, घांगरियाहून तीन-चार किलोमीटरवर. १९३१ मध्ये कामेत शिखर चढून परतताना फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकाचा मार्ग इथून गेला आणि त्यानं पुढं लिहिलेल्या पुस्तकानं हे नाव जगभर केलं. १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत. जॉन लेग नावाची इंग्रज बाई वनस्पती गोळा करायला १९३९ मध्ये इथं आली आणि घसरून गेली, तिची समाधी खोऱ्यातच आहे. फुलांचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना जमतं त्यांनी ते केलंय. एवढंच सांगते की मी तिथं पाच तास होते आणि मोबाइलमध्ये फक्त अकरा फोटो निघाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला काकू आणि मी. नांदेडकर खालीच थांबली, तिचं तिनंच ठरवलं. निघताना तिनं आईच्या हातात पाण्याची रिकामी बाटली दिली.

पन्नास पावलं, थांबा. पन्नास पावलं, थांबा. मागून येणारी पोरं आम्हाला ओलांडून जायची, वरच्या वळणावर फतकल मारून बसलेली भेटायची, आणि काकू त्यांना ओलांडून पुढं. वरती शॉर्टकटच्या हजाराहून जास्त दगडी पायऱ्या आहेत, आणि खेचरांची नागमोडी वाट आहे. काकूंनी नागमोडी वाट घेतली. शेवटच्या टप्प्यात झाडं संपतात, आणि दगडांच्या फटींतून ब्रह्मकमळं दिसायला लागतात. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणारं 'ब्रह्मकमळ' म्हणतात ना, ते वेगळं, तो निवडुंगाचा प्रकार. हे खरं, फिकट पिवळसर-हिरवं, कागदी कंदिलासारखं, उग्र वासाचं. काकूंनी तोडू दिलं नाही.

साडेदहाला वर. धुकं होतं, मग वारा आला आणि पडदा बाजूला झाल्यासारखं तळं दिसलं. पाणी काळसर हिरवं, त्यात सगळे डोंगर उलटे. काठावर पंचकोनी, उतरत्या छपराचा गुरुद्वारा. बर्फाचं ओझं घसरून जावं म्हणून लष्कराच्या इंजिनीअर मंडळींनी तो तसा आखला. शिखांना ही जागा सापडून तशी शंभर वर्षंही झालेली नाहीत. संत सोहनसिंग नावाचे लष्करातून निवृत्त झालेले ग्रंथी 'बचित्तर नाटका'तलं वर्णन घेऊन या डोंगरांत शोधत फिरत होते, आणि १९३४ मध्ये या तळ्यापाशी पोचले. हवालदार मोदनसिंग त्यांना येऊन मिळाले. १९३६ मध्ये दोघांनी मिळून दहा बाय दहाची खोली बांधली. म्हणजे आपल्या वन-आरकेच्या हॉलएवढी. पण भ्यूंदरच्या लोकांना हे तळं आधीपासून लोकपाल म्हणून ठाऊक होतं, काठावर लक्ष्मणाचं देऊळ आहे. दोन्हीकडं माणसं रांगेत, दोन्हीकडं चपला बाहेर, भांडण नाही.

बायकांसाठी आडोशाची जागा आहे. काकूंनी डुबकी मारली. मी पाय बुडवले, मोजून दहा सेकंद, मग ते माझे राहिले नाहीत. आत अरदास चालू होती. काकू बसल्या आणि बराच वेळ डोळे मिटून होत्या. मी शेजारी घोंगडीत. त्या काय म्हणाल्या असतील ते मी विचारलं नाही. बाहेर चहा आणि गरम खिचडी. पातेल्यामागं एक पोरगा एकटा वाढत होता, लाइन लांब. काकू खिचडी संपवून उठल्या, हात धुतले, ओढणी खोचली आणि त्याच्या हातातला डाव घेतला. चौदा हजार फुटांवर, ओल्या केसांनी, अर्धा तास! शेवटी मीच घड्याळ दाखवलं. मग त्यांनी बाटली भरून घेतली.

खाली नांदेडकर घांगरियाच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. काही न बोलता तिनं आईचे पाय धरले, मग बाटली धरली.

आता 'व्हाया तिबेट'चं. गोविंदघाटहून बद्रीनाथ पंचवीस किलोमीटर आणि त्यापुढं तीन किलोमीटरवर माणा, ३,२०० मीटर. पूर्वी पाटी होती 'भारतातलं शेवटचं गाव', २०२३ पासून 'पहिलं गाव'. बहुतेक लोक भीमपूल बघून, चहा पिऊन, पाटीखाली फोटो काढून परततात. घाई करू नका. इथले मारछा भोटिया लोक हिंदू आहेत, पण त्यांची जुनी बोली तिबेटीच्या कुळातली. थंडीत अख्खं गाव खाली उतरतं, उन्हाळ्यात वर येतं. १९६२ च्या युद्धापर्यंत हे लोक मेंढ्यांच्या पाठीवर पिशव्या लादून माणा खिंडीतून पश्चिम तिबेटात व्यापाराला जायचे. इकडून धान्य, गूळ, कापड. तिकडून मीठ, लोकर, टाकणखार. खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर! १६२४ मध्ये अंतोनियो द आंद्राद हा गोव्यात राहिलेला पोर्तुगीज पाद्री बद्रीनाथच्या यात्रेकरूंत मिसळून याच खिंडीनं तिबेटातल्या छापरांगला पोचला. बर्फानं त्याचे डोळे दिपले. त्यानं लिहून ठेवलंय की धडधाकट माणसं इथं अचानक आजारी पडून मरतात, आणि लोक म्हणतात डोंगरातून विषारी वाफा निघतात. नांदेडकरला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "माझ्याबद्दलच लिहिलंय!"

एका दारात ऐंशीच्या घरातल्या आजी लोकरीचं आसन विणत बसल्या होत्या. लहानपणी बापाच्या मेंढ्या तिबेटातून परतायच्या तेव्हा मुलं पिशवीला भोक पाडून मीठ चाटायची, असं त्यांनी गढवाली हिंदीत सांगितलं. आता लोकर कुठून येते? "लुधियाना," म्हणाल्या. खिंडीकडं सामान्य माणसाला परवानगीशिवाय जाता येत नाही. पुढचा रस्ता लष्कराचा.

तिबेटात जाणं आपल्या बजेटबाहेर, पण तिबेट बघायचं असेल तर परतताना डेहराडूनला दोन दिवस ठेवाच. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले ते आधी मसुरीला, धरमशाला त्यानंतर, १९६० मध्ये. निर्वासित मुलांची पहिली शाळाही १९६० मध्ये मसुरीतच सुरू झाली. मसुरीच्या हॅपी व्हॅलीत लहानसं तिबेटी देऊळ आहे, मॉल रोडच्या गर्दीतलं कुणी तिकडं फिरकत नाही, हे उत्तमच. डेहराडूनच्या क्लेमेंट टाउनला मिंड्रोलिंग मठ आहे. मूळ मठ तिबेटात १६७६ चा, इथं १९६५ मध्ये पुन्हा उभा केला. त्यातला २००२ चा स्तूप १८५ फुटी, आतल्या भिंतींवर इंच न सोडता चित्रं. काकू प्रदक्षिणेच्या वाटेवरची प्रार्थनाचक्रं फिरवत गेल्या, एकही न सोडता, आणि तेही... बरोबर, लंगर स्पीडनं.

मठाबाहेर थुक्पा प्यायला बसलो. शेजारच्या टेबलावर माझ्या आईच्या वयाच्या एक तिबेटी बाई लोकरी मोजे निवडत बसल्या होत्या. आमचं मराठी ऐकून त्यांनी वर बघितलं.

"महाराष्ट्र? कुठून तुम्ही?"

मराठीत! दर थंडीत आपल्या गावांत स्वेटरचा बाजार लागतो ना, त्यातल्या त्या निघाल्या. दिवाळीनंतर लुधियानातून माल उचलायचा, संक्रांत उलटेपर्यंत विकायचा आणि परत यायचं. वीस वर्षं हाच रूट, त्यातली सात-आठ लातूरला. वडील मेंढपाळ होते, १९५९ नंतर चालत आले. त्या स्वतः इथंच जन्मल्या, तिबेट त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातच पाहिलेलं. मी लातूरची म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न स्वेटरचा नाही विचारला.

"पाणी येतं का आता?"

२०१५ ची थंडी त्यांनी लातूरला काढली होती. भाड्याच्या खोलीत पाच जणी, टँकरची रांग, आंघोळ आठवड्यातून एकदा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते त्यांनी डेहराडूनला टीव्हीवर बघितलं आणि घरमालकिणीला फोन केला होता, गाडी आली का म्हणून. मी म्हटलं, येतं, पण रोज नाही. त्यांनी मान हलवली, जणू हिशोब जुळला.

काकूंनी पिशवीतून हेमकुंडाची बाटली काढली, झाकणात थोडं पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, प्यायल्या. मग काकूंनी मोज्यांचे चार जोड घेतले, आणि भाव केला नाही. नांदेडच्या बाजारात मी काकूंबरोबर किती तरी वेळा गेलेय. हे पहिल्यांदाच बघितलं.